तुटेपर्यंत ताणू नये!

इंग्लंडमधल्या नद्यांच्या काठी १६ जूनची पहाट वेगळी असते. १५ मार्च ते १५ जून हे तीन महिने तिथल्या नद्यांमध्ये गळ टाकायला बंदी असते, कारण हा काळ गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांचा अंडी घालण्याचा. बंदी उठते त्या दिवशी ट्रेंट, सेव्हर्न, वाय, केनेट अशा नद्यांच्या काठांवर घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि लांबलचक काठ्या घेऊन हौशी मंडळी अंधारातच हजर होतात. कोकणात ज्याला ‘गरवणे’ म्हणतात, तोच हा छंद. यातल्या अनेकांची नजर एकाच माशावर असते. त्याचे नाव बार्बेल.

बार्बेल गळाला लागला की ते कोणाला सांगावे लागत नाही. शांत उभी असलेली काठी एकदम वाकते, रीळ कुरकुरत उलटे फिरू लागते आणि क्षणभराचे दुर्लक्ष झाले तर काठीच नदीत ओढली जाते. पुढची काही मिनिटे माणूस आणि मासा यांची ओढाताण चालते. तिचा निकाल मनगटातल्या ताकदीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर ठरतो. काठी, दोरी आणि रीळ या तिघांचा मेळ घरून निघतानाच नीट बसवला होता की नाही, यावर. या मेळावर मासा हाती लागणे जितके अवलंबून असते, तितकेच पाण्यात परत सोडल्यावर त्याचे जगणेही अवलंबून असते. इंग्लंडमध्ये हौसेने पकडलेला बार्बेल बहुतेक वेळा वजन करून पुन्हा नदीत सोडला जातो.

प्रवाहासाठी घडलेला मासा

बार्बेलचे शास्त्रीय नाव बार्बस बार्बस. ओठांभोवती लोंबणाऱ्या चार मिशा ही त्याची खूण. या मिशांनी तो तळाची वाळू-खडी चाचपून किडे, अळ्या, गोगलगायी शोधतो. अंग लांबट आणि निमुळते, पोट सपाट, छातीजवळचे पर मोठे. हे पर तो असे तिरके धरतो, की वाहते पाणीच त्याला तळाशी दाबून ठेवते. त्यामुळे जोराच्या प्रवाहात इतर मासे आडोसा शोधत असताना बार्बेल तळाला चिकटून निवांत चरत असतो. ब्रिटनमध्ये दोन-चार किलोचा बार्बेल सर्रास मिळतो आणि विक्रमी मासा २१ पौंडांच्या, म्हणजे साडेनऊ किलोच्या पुढे गेलेला आहे.

असा मासा पळू लागला की त्याच्या जोराला प्रवाहाचाही जोर मिळतो. शिवाय तो वर येण्याऐवजी खाली तळाकडे, दगडांच्या सांदीत किंवा पाणवनस्पतींच्या जुडग्यांत घुसतो. म्हणून बार्बेलसाठी नाजूक सामान चालत नाही. पण मग सगळेच दणकट घ्यावे का? ते शहाणपणाचे का ठरत नाही, हे समजण्यासाठी आधी काठीचे काम पाहायला हवे.

काठी म्हणजे स्प्रिंग

गळाची काठी ही मासा उचलण्यासाठी असते, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात ती तरफ म्हणून माणसाच्या विरोधातच काम करते. बारा फुटांचा ताठ बांबू एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला अर्धा किलो वजन टांगले, तर मनगट लगेच भरून येते. तरफेची लांब बाजू माशाच्या वाट्याला आणि आखूड बाजू माणसाच्या वाट्याला येते. काठी वाकते तेव्हा मात्र भार टोकाकडून हाताच्या जवळ सरकतो, तरफ आखूड होते आणि तोच माणूस जास्त जोर लावू शकतो. काठीचे खरे सामर्थ्य तिच्या वाकण्यात असते ते असे.

वाकण्याचा दुसरा फायदा धक्का झेलण्याचा. समजा, चार किलोचा मासा सेकंदाला दोन मीटर वेगाने सुटला आहे आणि त्याला थांबवायचे आहे. तो दहा सेंटिमीटरच्या अंतरात थांबवला, तर दोरीवर सरासरी आठ किलोचा ताण येतो. तोच मासा एक मीटर अंतरात थांबवला, तर ताण अवघा पाऊण-एक किलो. माशाचे स्वतःचे पोहणे आणि प्रवाहाचा जोर यात धरलेला नाही, तो वेगळा. पण धडा स्पष्ट आहे. थांबवायला जितके जास्त अंतर, तितका दोरीवरचा धक्का कमी. क्रिकेटमध्ये वेगाने आलेला झेल घेताना हात मागे नेतात, त्यामागचे शास्त्र हेच. काठीची लवचीकता आणि रिळातून सुटणारी दोरी मिळून हे अंतर देतात.

म्हणून काठी किती वाकते हे आकड्यात सांगणे गरजेचे ठरले. त्यासाठी ‘टेस्ट कर्व्ह’ नावाचे माप वापरतात. काठीची मूठ घट्ट धरून टोकाला वजन टांगत जायचे. टोक मुठीच्या रेषेशी काटकोन करेल इतके वजन म्हणजे त्या काठीचा टेस्ट कर्व्ह. हे माप लोकप्रिय केले ते रिचर्ड वॉकर या इंग्रज गृहस्थांनी. १९५२ साली रेडमायर तळ्यातून ४४ पौंडांचा कार्प पकडून त्यांनी विक्रम केला होता. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने गरवण्याच्या छंदातल्या ऐकीव गोष्टी मोजमापाच्या काट्यावर आणल्या.

बार्बेलसाठीच्या काठ्या साधारण ११ ते १२ फुटांच्या असतात आणि त्यांचा टेस्ट कर्व्ह बहुधा सव्वा ते दोन पौंडांच्या दरम्यान असतो. छोट्या, संथ नदीसाठी सव्वा पौंडाची काठी पुरते. ट्रेंट किंवा सेव्हर्नसारख्या मोठ्या नद्यांच्या भरल्या पाण्यात आमिषासोबत जड वजन टाकावे लागते, तिथे पावणेदोन-दोन पौंडांची काठी लागते.

पाचाचा पाढा

काठीवरून दोरीकडे येण्यासाठी जुना ठोकताळा आहे. टेस्ट कर्व्हला पाचाने गुणावे. येणारा आकडा म्हणजे त्या काठीला शोभणाऱ्या दोरीची पौंडातली ताकद. पावणेदोन पौंडांच्या काठीला पावणेनऊ पौंड, म्हणजे सुमारे चार किलो ताण सोसणारी दोरी. चारपट ते सहापट ही सोयीची मर्यादा मानली जाते. म्हणून अशा काठीवर ८ ते १० पौंडांची दोरी लावतात.

यामागचे कारण सोपे आहे. काठी पूर्ण वाकेपर्यंत दोरीवर तिच्या ताकदीच्या एक पंचमांश ताण आलेला असतो. उरलेला हिस्सा अचानक बसणारे हिसके, गाठींची कमजोरी आणि दगडांवर घासून झालेली झीज यांच्यासाठी राखीव राहतो.

हा मेळ बिघडला की काय होते? तीन पौंडांच्या राठ काठीवर सहा पौंडांची दोरी लावली, तर काठी वाकायच्या आतच दोरी जाते. मासा तोंडात गळ आणि मागे लोंबणारी दोरी घेऊन निसटतो. उलट, एक पौंडाच्या लवलवत्या काठीवर पंधरा पौंडांची दोरी लावली, तर दोरी तुटत नाही, पण माशाला आवरण्याइतका जोर काठीतून पोचतच नाही. मासा झुडपांत शिरतो, झुंज लांबत जाते आणि दोरीच्या भरवशावर जास्त ओढले तर काठीच मोडते. दोन्ही प्रकारांत भुर्दंड माशाला पडतो.

तंगूस फसवतो कुठे?

आज वापरात असलेली दोरी मुख्यतः नायलॉनची, म्हणजे मराठीत ज्याला ‘तंगूस’ म्हणतात ती. नायलॉन जगापुढे आले १९३८ मध्ये. त्याआधी घोड्याच्या शेपटीचे केस आणि रेशीम यांवर काम भागवले जाई. आयझॅक वॉल्टन यांनी १६५३ साली लिहिलेल्या ‘द कंप्लीट अँगलर’ या प्रसिद्ध पुस्तकात बार्बेलवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्या काळच्या गरवणाऱ्याची मदार अशाच केसांच्या दोरीवर असे.

तंगुसाच्या रिळावर १० पौंड लिहिलेले असले, तरी नदीत तेवढी ताकद मिळत नाही. नायलॉन पाणी शोषते आणि भिजल्यावर त्याची ताकद दहाएक टक्क्यांनी घटते. दोरी सर्वांत आधी तुटते ती गाठीशी, कारण तिथे ती तीव्र वळते आणि स्वतःवरच दाबली जाते. कोरडी गाठ झटक्याने आवळली, तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो. म्हणून जाणकार लोक गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करून सावकाश आवळतात. धारदार खडीवर घासून दोरीला चरे पडले, तर तो हिशेब वेगळाच. शेवटचे दोनतीन मीटर बोटांच्या चिमटीतून सरकवून पाहायचे आणि खरखर लागली तर तेवढा भाग कापून टाकायचा, ही रोजची सवय हवी.

नायलॉनचा एक गुण मात्र मोलाचा आहे. तो ताणला जातो. तुटायच्या बेतात येईपर्यंत त्याची लांबी पाव हिश्शाच्या आसपास वाढू शकते. म्हणजे दोरी स्वतःच दुसरी स्प्रिंग ठरते. सध्या मिळणाऱ्या विणलेल्या दोऱ्या त्याच ताकदीला बऱ्याच बारीक असतात, पण त्या जवळजवळ ताणल्या जात नाहीत. अशी दोरी लावली तर हिसका झेलण्याचे काम काठी आणि रीळ या दोघांवरच येते. तेव्हा काठी अधिक मऊ आणि रिळाचा ब्रेक अधिक हलका ठेवावा लागतो.

सर्वांत कमजोर कडी कुठे असावी?

साखळी तिच्या सर्वांत कमजोर कडीइतकीच मजबूत असते, हे सर्वांना माहीत असते. गरवण्याच्या सामानात ही कमजोर कडी मुद्दाम ठेवलेली असते. गळाजवळचा फूट-दोन फुटांचा तुकडा मुख्य दोरीपेक्षा थोड्या कमी ताकदीचा घेतात. मुख्य दोरी १० पौंडांची असेल, तर शेवटचा तुकडा ८ पौंडांचा.

कारण असे, की दोरी कधी ना कधी तुटणारच. ती रिळाजवळ तुटली, तर मासा तीस मीटर तंगूस आणि वजन ओढत पळतो. तो तंगूस कुठल्यातरी मुळाला गुंडाळला गेला की मासा खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखा अडकून मरतो. दोरी गळाजवळ तुटली, तर माशाबरोबर फक्त गळ आणि फूटभर दोरा जातो. जोडीला वजनही असे अडकवतात, की ते अडलेच तर आपोआप सुटून जावे.

रिळाचे काम : ढील देणे

पतंग उडवणाऱ्याला फिरकीचे महत्त्व सांगावे लागत नाही. वारा वाढला की ढील द्यायची, वारा पडला की खेचायचे. गळाचे रीळ हेच काम करते. आज सर्रास दिसणारे, न फिरणाऱ्या फिरकीचे रीळ इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या मुलखात जन्मले. ब्रॅडफर्डचे गिरणीमालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत सहज सुटत जाते. तीच युक्ती त्यांनी दोरीला लावली.

अशा रिळात ब्रेकच्या चकत्या असतात. दोरीवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चकत्या घसरतात, फिरकी फिरते आणि दोरी सुटते. ही मर्यादा किती ठेवावी? दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, हे सर्वमान्य माप. १० पौंडांच्या दोरीला अडीच ते सव्वातीन पौंड, म्हणजे एक ते दीड किलो. हे अंदाजाने ठरवू नये. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा छोटा काटा दोरीला बांधून ओढावा आणि दोरी सुटू लागते तेव्हाचा आकडा वाचावा. दोन मिनिटांचे काम आहे.

काट्यावरचा आकडा मात्र सरळ ओढीचा असतो. काठी वाकली की दोरी तिच्या कड्यांवरून वळत जाते आणि प्रत्येक कड्यावर घर्षण वाढते. विहिरीचा दोर खांबाला वेढा देऊन धरला की कमी जोरात जास्त भार पेलतो, तसाच हा प्रकार. काठी काटकोनात वाकलेली असताना घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला, तर माशाच्या बाजूचा ताण रिळाच्या बाजूपेक्षा सुमारे सव्वापट होतो. एक किलोवर लावलेला ब्रेक माशाला सव्वा किलोचा वाटतो. ब्रेक लावताना हात थोडा राखून ठेवायचा तो यासाठी.

रीळ निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जड कपाट ढकलताना ते हलवायला जास्त जोर लागतो आणि एकदा सरकू लागले की कमी पुरतो. ब्रेकच्या चकत्यांचेही तसेच असते. स्वस्त रिळांत हा फरक मोठा असतो. चकत्या अडून राहतात आणि मग झटक्याने सुटतात. दोरी तुटते ती नेमकी त्या अडण्याच्या क्षणी. म्हणून बार्बेलच्या रिळात चकाकीपेक्षा ब्रेक किती सुरळीत सुटतो हे महत्त्वाचे. मध्यम आकाराचे, १० पौंडांची शे-दीडशे मीटर दोरी मावेल असे आणि काठीला हाताच्या जागी तोलून धरणारे रीळ पुरेसे होते. काठी टेकवून वाट पाहायची असेल, तर मासा पहिल्यांदा पळताना फिरकी जवळपास मोकळी सोडणारी कळ असलेले रीळ घेतात. मग काठी नदीत जात नाही.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला

एवढा हिशेब कशासाठी, याचे उत्तर पाण्याखाली आहे. गळाला लागलेला बार्बेल पळतो तेव्हा त्याचे पांढरे स्नायू ऑक्सिजनशिवाय ऊर्जा तयार करतात. शंभर मीटर धावणाऱ्या खेळाडूच्या पायांत होते तेच इथे घडते. स्नायूंत आणि रक्तात आम्लता वाढते. ती निवळायला नंतर भरपूर ऑक्सिजन लागतो. झुंज जितकी लांबते, तितकी ही उधारी वाढते.

उन्हाळ्यात ही उधारी फेडणे अवघड होते. १० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर २० अंशांना नऊच मिलिग्रॅम. मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी तापले की त्याची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. पात्र आटलेले असेल तर आणखी कठीण. अशा दिवसांत बाहेरून धडधाकट दिसणारा बार्बेल सोडल्यावर पोट वर करून वाहत जाऊ शकतो. म्हणून पाणी फार तापले की अनेक जाणते लोक गळच टाकत नाहीत.

हलक्या सामानावर मोठा मासा काढणे यात कौशल्य आहे, असे पूर्वी मानले जाई. शरीरशास्त्र पाहता ही फुशारकी माशाच्या जिवावर बेतते. मेळ साधलेल्या, पुरेशा ताकदीच्या सामानाने मासा लवकर जाळीत येतो. त्यानंतरही घाई करायची नाही. मासा पाण्यातच जाळीत ठेवून, डोके प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला करून, सरळ धरायचा. कल्ल्यांतून ताजे पाणी वाहू द्यायचे. तो स्वतः जोर लावून हातातून निसटू लागेपर्यंत सोडायचा नाही. याला कधी पाच मिनिटे लागतात, कधी त्याहून जास्त. पाण्याबाहेर धरला की कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास थांबतो. म्हणून फोटोची हौस काही सेकंदांत उरकलेली बरी.

मुळा-मुठेचा भाऊबंद

बार्बेल महाराष्ट्रातल्या नद्यांत नाही, पण त्याचा भाऊबंद आहे. कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतल्या एका माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याला त्यांनी नाव दिले बार्बस खुदरी. पुढे वर्गीकरण बदलले आणि तो टॉर या प्रजातीत गेला. हाच दख्खनचा महाशीर. ओठांवरच्या मिशा, प्रवाहाची ओढ आणि गळाला लागल्यावरची ताकद पाहिली, की सायक्स यांनी त्याला बार्बसच्या घरात का बसवले हे कळते.

महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत महाशीर देवाचे मासे म्हणून राखले गेले आणि लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात कित्येक दशके त्यांची पिल्ले वाढवून सोडली जात आहेत. जिथे पकडण्यावर बंदी आहे तिथे गळ टाकण्याचा प्रश्नच येत नाही. देशात जिथे परवाना घेऊन महाशीर पकडून सोडला जातो, तिथे मात्र हेच गणित लागू पडते. मासा मोठा, पाणी वेगवान आणि उन्हाळा इंग्लंडपेक्षा कडक. त्यामुळे चुकीला जागा आणखी कमी.

तुटेपर्यंत ताणू नये, असे मराठीत म्हणतात ते नात्यांबद्दल आणि वादांबद्दल. गळाच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. काठीने वाकावे, दोरीने थोडे ताणले जावे, रिळाने वेळेवर ढील द्यावी. तिघांनी आपापला वाटा उचलला, तर झुंज लवकर संपते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाचा जीव पुन्हा प्रवाहात शिरतो.